तारांचं येणं-जाणं

अकोल्या-अमरावतीकडे ज्यांचं लहानपण रेडिओच्या सोबतीनं गेलं, त्यांना आकाशवाणीच्या सकाळच्या धुनेची ओळख करून द्यायला नको. खाली तंबोरा, वर शिवरंजनीच्या वळणाचं व्हायोलिन. ही धून ज्याच्या नावावर आहे, तो वॉल्टर कॉफमन मूळचा चेक ज्यू संगीतकार. १९०७ मध्ये कार्ल्सबाडला जन्मलेला. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये कॉफमननं मुंबई गाठली. काही महिन्यांतच त्यानं ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल व्हायची. पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, आणि चेलोवर एडिजिओ वेर्गा. पुढे १९३७ ते १९४६ कॉफमन मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता.

मुंबईत उतरल्यावर आपलं संगीत त्याच्या कानावर पडलं, तेव्हा त्याला त्यातलं काही म्हणजे काही उमजलं नाही. पण इतक्या माणसांना जे जिवाभावाचं वाटतं त्यात काही नाही असं कसं म्हणायचं, उणीव आपल्याच कानात असणार, असं मानून तो शिकायला बसला. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो इथून. तो शास्त्रीय रागांपाशी थांबला नाही. गोंड आणि बैगांच्या लोकगीतांवरचा त्याचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेच्या ‘म्युझिकल क्वार्टर्ली’त छापून आला. बस्तरच्या माडिया आणि मुरिया गोंडांची गाणी त्यानं १९६० मध्ये प्रसिद्ध केली. या सगळ्यासोबत तो स्ट्रिंग क्वार्टेटही लिहीत होता. त्यातल्या सातव्या आणि अकराव्या क्वार्टेटची टोरांटोच्या ‘आर्क एन्सेम्बल’नं वाजवलेली ध्वनिमुद्रिका २०२० मध्ये निघाली. ती आज कुणालाही ऐकता येतात. युरोपच्या घाटात बसवलेल्या त्या रचनांत रागांची सावली जागोजाग दिसते.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. व्हिओला व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी आणि सुरानं खालची. चेलो दोन गुडघ्यांत धरून वाजवतात. चारही वाद्यं गजाची, चारही बिनपडद्याची. पुढे काठी घेऊन उभा राहणारा कुणी नाही. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या हायडननं या प्रकाराला आकार दिला आणि तो दरबारी दिवाणखान्यात वाढला. गावाकडची गाणी मात्र त्यात लवकरच शिरली. बेथोवेननं १८०६ मध्ये रशियन सरदार राझुमोव्स्कीसाठी तीन क्वार्टेट लिहिली, त्यांतल्या दोनांत रशियन लोकगीतांच्या चाली घेतल्या. द्वोर्झाकनं १८९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आयोवामध्ये, स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावात, आपली ‘अमेरिकन’ क्वार्टेट लिहिली.

पण लोकगीताची चाल उचलणं वेगळं आणि गाणाऱ्याची रीत उचलणं वेगळं. हा फरक ज्यानं जगाला ऐकवला तो हंगेरीचा बेला बार्टोक. १९०६ पासून तो फोनोग्राफ आणि मेणाची नळकांडी घेऊन खेडोपाडी हिंडला. हंगेरियन, रुमानियन, स्लोव्हाक गाणी गोळा केली. १९१३ मध्ये तर तो अल्जीरियात बिस्क्रापर्यंत गेला. तिथल्या ढोलांचा दणका त्याच्या दुसऱ्या क्वार्टेटच्या मधल्या भागात ऐकू येतो. त्याच्या पाचव्या क्वार्टेटमध्ये, १९३४ ची ही रचना, बल्गेरियन नाचाचा ठेका आहे. नऊ मात्रांचा, पण तीन-तीन-तीन असा सरळ नाही. टाळी देऊन मोजून बघा: एक-दोन-तीन-चार, एक-दोन, एक-दोन-तीन. दोन-तीन आवर्तनांत पाय आपोआप अडखळतो आणि सावरतो. ते अडखळणंच त्या नाचाचा प्राण आहे. बार्टोकनं बल्गेरियाचं एखादं गाणं घेऊन वर सजावट केली नाही, त्यानं ते पायांचं चालणं चार वाद्यांत उतरवलं.

त्याला याची किंमतही मोजावी लागली. रुमानियन गाण्यांवर लिहिलं म्हणून १९२० मध्ये हंगेरीतल्या कडव्या मंडळींनी त्याच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला. त्यानं माघार घेतली नाही. शुद्ध म्हणावं असं लोकसंगीत कुठं नसतंच, गाणं एका मुलखातून दुसऱ्यात जातं, बदलतं, कधी बदलून परतही येतं आणि त्यानंच ते श्रीमंत होतं, असं त्यानं १९४२ मध्ये अमेरिकेत निर्वासित असताना लिहिलं. युरोपात वंशशुद्धीच्या नावानं माणसं मारली जात होती, तेव्हाचं हे लिहिणं आहे.

हे वाचताना मला वऱ्हाडच आठवतो. भुलाबाईचंच घ्या. भाद्रपदी पौर्णिमेला भुलोजी-भुलाबाई बसतात आणि कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. हीच भुलाबाई खानदेशातही आहे. पुण्याकडे गेलं की तिच्याच नात्यातला भोंडला भेटतो, कोल्हापुराकडे हादगा. कितीतरी गाण्यांचे धागे एकच, वळणं वेगळी. आणि या गाण्यांची बांधणी बघा. चार-पाच सुरांच्या आत फिरणारी चाल, आणि कितीतरी गाण्यांत ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीनं उचलायचा, अशी साखळी. सासर-माहेराची अख्खी गोष्ट या साखळीवर चालत राहते. क्वार्टेटवाले रात्रंदिवस जे करतात ते हेच: एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्यानं उचलायचं. भुलाबाईची साखळी दोन व्हायोलिनांत वाटून दिली तर त्यात ओढूनताणून आणलेलं काही वाटणार नाही.

आता किंगरी. करवंटीवर किंवा भोपळ्यावर ताणलेलं कातडं, बांबूची दांडी, एखाद-दुसरी तार आणि घोड्याच्या केसांचा गज. नाथपंथी जोगी हिच्यावर, कुणी सारंगीवर, राजा भर्तृहरी आणि गोपीचंदाची कथा दारोदार गात आले. पडदे नाहीत, त्यामुळे बोट एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. आवाज थोडा खरखरीत, माणसाच्या घशातून यावा तसा. सुरेल व्हायोलिन शिकलेल्या वादकाला ही खरखर दोष वाटेल. पण बार्टोकच्या चौथ्या क्वार्टेटमध्ये तार इतकी जोरात ओढतात की ती पट्टीवर आपटून फटका ऐकू येतो. खरखरीला, आपटण्याला संगीतात जागा असते हे युरोपला खेड्यांनी शिकवलं. यवतमाळला लागून असलेल्या आदिलाबादेत परधान समाजाचे गायक गोंडांच्या कुळकथा तीन तारांच्या कीकरीवर गातात, तीही गजाचीच. गोंधळ्याचं तुणतुणं मात्र गजाचं नाही. लाकडी नळकांडं, तळाला कातडं, त्यातून ओवलेली एकच तार वर खुंटीला. ती एकच सूर धरून ठेवते आणि बाकी सगळं तिच्या आधारानं उभं राहतं. व्हिओलाला हे काम दिलं तर तिला नवं काही शिकावं लागणार नाही.

ही तार घेऊन फिरणाऱ्या माणसांचं काय चाललं आहे, तेही सांगायला हवं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. जी माणसं शतकानुशतकं गाण्याच्या ओळखीवर अनोळखी गावात शिरत आली, त्यांना आता गावात शिरतानाच भीती वाटते. गाणं कुठून येतं हे विसरलं की असं होतं.

येणं-जाणं एकाच दिशेनं झालेलं नाही. हार्मोनियम युरोपातून आली आणि आज वऱ्हाडातल्या कुठल्याही भजनी मंडळात पेटीवाचून पान हलत नाही. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन घेऊन मुंबईच्या सिनेमात आले आणि १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ काढला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. २००५ मध्ये अमेरिकेच्या क्रोनोस क्वार्टेटनं राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांची तबकडी केली, तेव्हा गायला आशा भोसले होत्या आणि तबल्यावर झाकीर हुसेन. ज्या गाण्यांत आधीच लॅटिन, जाझ, बंगाली असं सगळं मुरलं होतं, ती पुन्हा चार तारवाद्यांकडे गेली. आशाबाईंनी सत्तरी ओलांडली होती, पण त्या गाण्यांत आवाज मागं सरत नाही.

मात्र ‘फ्यूजन’च्या नावानं अलीकडे जे बरंच ऐकू येतं, त्यात खाली यंत्राचा ठेका आणि वर लोकगीताचं एक कडवं एवढंच असतं. गाणारी बाई कोण, कुठल्या गावची, ते गाणं कधी म्हणतात, काही कळत नाही. ही देवाणघेवाण नव्हे, नुसती घेवाण आहे. कॉफमन आणि बार्टोक आधी ऐकायला बसले, टिपून घेतलं, वर्षानुवर्षं मोजत राहिले आणि मग लिहिलं.

त्यामुळे वऱ्हाडात आधी ऐकण्याचं काम व्हायला हवं. अमरावतीला संत गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे, रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे, अकोल्याला आकाशवाणी आहे. मेळघाटातले कोरकू, ज्यांची भाषा मुंडा कुळातली आणि त्या कुळात सगळ्यात पश्चिमेची, त्यांची नाचाची गाणी, नाथजोग्यांच्या कथा, भुलाबाई, हे सगळं नीट ध्वनिमुद्रित करून, मात्रा मोजून, गाणाऱ्याच्या नावागावानिशी जपलं, तर उद्याच्या रचनाकाराला हाताशी काही असेल. आणि तो जेव्हा चार वाद्यांसाठी काही लिहील, तेव्हा पहिल्या पानावर त्याच्या नावाखाली त्या किंगरीवाल्याचं नाव छापलं जावं, आणि मानधनातला त्याचा वाटा कार्यक्रमाच्या आधी ठरलेला असावा.