फडताळातले पाकीट



शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त तपासायचे पाकीट कुपत होलीमकडून आमच्याकडेही आले होते. इस्राएलमध्ये ५० ते ७४ वर्षांच्या माणसांसाठी ही तपासणी दरवर्षी मोफत असते. पण "शी! कुठला हा प्रकार!" म्हणून आम्ही ते दोन वर्षे फडताळात ठेवले. शेवटी नातीने हट्ट धरला. रक्त सापडले, म्हणून कोलोनोस्कोपी झाली. मोठ्या आतड्यात ८ मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, निघाला. डॉक्टरांनी तो तेव्हाच तारेच्या फासाने काढून टाकला. दुखले नाही, बरे का!

पुढे रिपोर्ट आला : 'ट्युब्युलर अडिनोमा, लो ग्रेड डिस्प्लेसिया.' आम्ही घाबरलो. त्या रात्री घरात कुणाला जेवण गेले नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र कागदावर चित्र काढून समजावले, तेच तुम्हांला सांगतो.

काढलेला कोंब मेणात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप करतात आणि जांभळ्या व गुलाबी रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आतड्याच्या अस्तरात अगदी बारीक विहिरींसारख्या लाखो ग्रंथी असतात. तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत तोंडाशी येऊन गळून पडतात. प्रत्येक पेशीचे केंद्रक तिच्या बुडाशी नीट बसलेले असते. कोकणात ज्यांनी भातलावणी पाहिली आहे, त्यांनी ओळीत लावलेली रोपे आठवावीत. निरोगी अस्तर तसे दिसते.

अडिनोमात ही शिस्त मोडते. वाफ्यात दाट उगवलेली रोपे जशी एकमेकांना रेटतात, तशी पेशींची गर्दी होते. केंद्रके पेन्सिलीसारखी लांबट आणि गडद होतात, एकावर एक चढल्यासारखी दिसतात. बुळबुळीत स्राव भरलेल्या पेशी कमी होतात. वर आलेल्या पेशीही वाढतच राहतात. यालाच डिस्प्लेसिया म्हणतात.

लो ग्रेड म्हणजे बिघाड सुरू झाला, पण थोडी शिस्त उरली आहे. हाय ग्रेडमध्ये केंद्रके मोठी होऊन वरपर्यंत चढतात, ग्रंथी एकमेकींना चिकटतात. अस्तराखाली स्नायूची एक पातळ पट्टी असते. ती ओलांडून पेशी खाली शिरल्या, की तो कर्करोग. आमचा कोंब त्या वेशीपासून पुष्कळ अलीकडे होता!

बहुतेक पॉलिप कर्करोगापर्यंत जात नाहीत. जे जातात, त्यांनाही बहुधा दहाएक वर्षे लागतात. तेवढा वेळ आपल्या हाती असतो. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या नॅशनल पॉलिप स्टडीत १४१८ माणसांचे अडिनोमा काढले होते. त्यांच्यात आतड्याचा कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी आढळला.

वडीलधाऱ्यांनो, लाज सोडा. शौचात रक्त दिसले, किंवा घरात कुणाला हा आजार झालेला असला, तर पाकिटाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

आणि मुलांनो, आजच साबा-सावतांचे फडताळ उघडून पाहा. पाकीट तिथेच पडले असेल, तर आमच्या नातीसारखा हट्ट धरा!