‘सरकार’ की ‘शाकार’?

आमच्या इंदूरच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक जुना मोडी कागद फ्रेम करून लावला आहे. “होळकरांची सनद,” असं काका येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. मीही शाळेत तेच सांगत मोठी झाले. वाचता मात्र घरात कुणालाच येत नव्हतं. आपली मराठी घरापुरती, बाहेर सगळी हिंदी. मोडी तर पणजोबांबरोबरच गेली.

मागच्या वर्षी आजी म्हणाली, “मी चौऱ्याऐंशीची झाले. आहे तोवर काय लिहिलंय ते कळू दे.” मी ऑनलाइन मोडीच्या वर्गात नाव घातलं.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्यानेच ठरवायचं. दोन महिन्यांनी मला त्या कागदात ‘सरकार’ सापडलं. काकांना लगेच फोन केला. त्यांनी संध्याकाळी पेढे आणले.

पुढच्या वर्गात बाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि हसल्या. “सरकार नाही गं, शाकार. घर शाकारणे.” कोकणात पावसाळ्याआधी छपराची दुरुस्ती करतात, ते शाकारणं.

मग हळूहळू सगळंच उलगडलं. तिथी वैशाखातली, शके १८२०. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १८९८. तेव्हा इंदूरच्या गादीवर शिवाजीराव होळकर होते आणि माझे खापरपणजोबा दरबारात कारकून. गुहागरजवळच्या गावाहून त्यांच्या आईने कुणाकडून तरी हे पत्र लिहून घेतलं होतं. यंदा घर शाकारायला माणूस नाही, पैसे पाठव. आणि जमलं तर एकदा येऊन जा.

काकांना हे सांगायला मला चार दिवस लागले. ते काहीच बोलले नाहीत. आजीने मात्र पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “मग, गेले का ते?”

त्याचं उत्तर त्या कागदात नाही. पण त्यांनी तो फेकला नाही, एवढं खरं.

परवा पाहुणे आले. काकांनी सवयीने फ्रेमकडे बोट दाखवलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आमच्या म्हातारीचं पत्र आहे. पोरीने वाचलं.”

तुमच्याही ट्रंकेत असे कागद असतील. ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. आधी स्वच्छ फोटो काढा. आणि घरातलं मोठं माणूस आहे तोवर वाचायला घ्या. सनद निघाली नाही तरी चालेल.