आधी मूठ उघडा

जत्रेत किंवा मैदानावर तलवारीचे वार बघताना लोकांची नजर पात्यावर असते. आमची मात्र मुठीवर. वाणगावच्या एका चिकूवाडीत आम्ही काही जण कापणीचा सराव करतो. तिथे कुणीही नवी कटाना, म्हणजे जपानी धाटणीची तलवार, आणली की पहिलं काम ठरलेलं: मूठ उतरवायची.

मध्यंतरी एक कॉलेजचा पोरगा भिंतीवर टांगायची चकचकीत कटाना घेऊन आला. स्वस्तात मिळाली होती. बाजारात धार लावून घ्यायची आणि केळीवर चालवायची, असा त्याचा बेत.

"काका, पातं बघा ना, आरसा आहे नुसता!"

"पातं राहू दे. मूठ काढ आधी."

मूठ निघाली आणि आत काय, तर पेन्सिलीएवढी बारीक सळई. पात्याच्या बुडाला वेल्डिंग मारलेली, टोकाला आटे पाडून नट कसलेला. जोरात वार केला असता तर पातं त्या वेल्डिंगपाशी तुटून गेलं असतं, आणि समोर कोण उभं आहे हे ते बघत नाही. पोरगा बराच वेळ त्या सळईकडे बघत राहिला. ती तलवार आता त्याच्या घरी भिंतीवरच आहे, बिनधारेची.

कापायच्या कटानाचं पातं मुठीच्या आतपर्यंत अखंड जातं, बरीचशी रुंदी आणि जाडी राखून. लाकडी मुठीतून आणि त्या पोलादातून आरपार बांबूची खुंटी मारलेली असते. तिला जपानीत मेकुगी म्हणतात. स्वस्त मालात दोन खुंट्या असल्या तर बरं. छोट्या पितळी हातोडीने खुंटी ठोकली की मूठ सुटते, आतलं पोलाद दिसतं. सरावाआधी दर वेळी खुंटी तपासायची आणि ढिली वाटली तर बदलायची. मूठ गोंदाने चिकटवलेली असेल, उघडतच नसेल, तर ती तलवार परत करायची. यात तडजोड नाही.

आपल्याकडचे जुने कारागीरही याच जागी जीव ओतत. मराठ्यांच्या फिरंगी तलवारीचं पातं युरोपातून यायचं आणि त्यावर इथली मूठ चढायची. मुठीत राळ किंवा लाख भरून तापवायची आणि पात्याचं शेपूट त्यात रुतवायचं. थंड झालं की जोड पक्का. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणलेली रघूजी भोसले यांची तलवार याच जातीची, पातं युरोपी आणि मूठ इथली. परदेशी पातं घ्यायची रीत आपल्याला नवी नाही. पण त्या लोकांना मुठीत काय आहे हे ठाऊक असायचं.

पोलादाचे आकडे ऐकून नवखे घाबरतात. १०४५, १०६०, १०९५ यांतले शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात, म्हणजे ०.४५, ०.६० आणि ०.९५ टक्के. कार्बन जास्त तर धार जास्त टिकते, पण वार तिरका बसला की कपचा उडायची भीतीही वाढते. पहिल्या तलवारीला १०६० पुरेसं. स्टेनलेसचं लांब पातं कापायला घेऊच नये. पात्यावरच्या लाटांच्या रेघेलाही भुलू नका. स्वस्त मालात ती बऱ्याचदा आम्लाने उठवलेली असते. अशा बहुतेक कटाना चीनच्या झेजियांग प्रांतातल्या लाँगच्वान शहरातून येतात. परदेशात नवशिक्याला साधारण १०० ते ३०० डॉलरांत बरी मिळते. खऱ्या जपानी कटानाची गोष्ट वेगळी: तिथे परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात.

आता कापायचं काय? जपानी लोक गवती चटईची गुंडाळी रात्रभर पाण्यात भिजवून निथळून घेतात. आमच्या वाडीत घड उतरवलेल्या केळीचा खांब असतो, तो तसाही तोडायचाच. मऊ, पाणीदार, नवख्या हाताला दयाळू. मात्र त्याचा चीक पोलादावर काळे डाग पाडतो, म्हणून कापून झालं की तिथल्या तिथे पातं पुसायचं. खाडीकडून येणारी दमट हवा उरलेलं काम करते. पुसून झाल्यावर शिलाई मशीनचं तेल लावा, खोबरेल नको. ते चिकट होऊन बसतं. सुका बांबू आणि चिकूची फांदी यांना हात लावायचा नाही.

प्रेक्षकांना न दिसणारी आणखी एक गोष्ट. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्ट्याने लिंबू कापलं की टाळ्या पडतात. त्याच दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. पण त्या लिंबापर्यंत पोचायला आधी लाठी फिरवून मनगट तयार करावं लागतं. आमच्याकडेही नवीन पोराच्या हाती आधी बोक्केन, म्हणजे सरावाची लाकडी तलवार येते. धारेची दिशा आणि हाताची दिशा एका रेषेत आल्याशिवाय पोलाद मिळत नाही.

आमच्या वाडीत धारेची कटाना एकच आहे, आणि तिच्या मालकाने आधी कागद केले, मग पातं आणलं. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद धारदार पातं शस्त्रात मोजतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून इथल्या माणसाच्या कमरेच्या आकडीतला कोयता चालतो, तुमची कटाना चालेलच असं नाही. ऑनलाइन मागवलेल्या तलवारींची पार्सलं पोलिसांनी राज्यात कितीदा तरी जप्त केली आहेत. तेव्हा पैसे भरण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात जा, परवान्याचं विचारा, आणि तोवर बोक्केन घेऊन वाडीत या.