चिमटेवाल्या किड्याची प्राचीन वंशावळ

शेतातील ढेकूळ उलटले, कुजत पडलेला पाचोळा बाजूस सारला किंवा मक्याचा पोंगा उघडून पाहिला, तर कधी कधी एक तपकिरी, चपटा व लांबट किडा चपळाईने पळताना दिसतो. त्याच्या शरीराच्या मागील टोकास लहानशा सांडशीसारखा चिमटा असतो. इंग्रजीत यास 'इअरविग' म्हणतात. हा किडा झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो, या युरोपातील जुन्या समजुतीवरून हे नाव पडले. वास्तविक कानात शिरणे हा त्याचा स्वभाव नव्हे. त्याला विषाची नांगीही नाही. तथापि चिमटा पाहून त्यास घातक समजणे व दिसताच ठेचून टाकणे साहजिक आहे. म्हणूनच हा चिमटा आला कोठून व तो कशासाठी आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. त्याचे उत्तर काही कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत सापडते.

दगडातील ठसे

कीटकांच्या शरीरात हाडे नसतात. त्यामुळे मेलेला कीटक बहुधा कुजून नाहीसा होतो. परंतु तो एखाद्या शांत सरोवराच्या तळाशी बसला आणि त्यावर बारीक गाळाचे थर साचत गेले, तर गाळाचा दगड होताना पंखांच्या शिरांसह शरीराचा ठसा त्यात उमटून राहतो. झाडाच्या राळेत अडकलेला कीटक तर जसाच्या तसा टिकतो. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात.

कझाकस्तानातील काराताऊ पर्वतात अशा प्राचीन सरोवराचे थर आहेत. त्यांचे वय सुमारे १६ कोटी वर्षे आहे. तेथील एका कीटकाचे वर्णन रशियन शास्त्रज्ञ मार्तिनॉव्ह यांनी १९२५ साली प्रसिद्ध केले व त्यास 'प्रोटोडिप्लॅटिस' हे नाव दिले. पुढील पंख आखूड व राठ असल्याने तो इअरविगच्याच कुळातील होय, हे स्पष्ट होते. मात्र त्याला चिमटा नव्हता. चिमट्याच्या जागी अनेक सांध्यांचे, मिशांसारखे दोन लांब तंतू होते. झुरळाच्या मागील टोकास दोन लहान सांधेदार काड्या असतात. हे तंतू त्याच प्रकारचे अवयव होत.

काराताऊच्या खडकांतच या कुळाचे दुसरेही प्रकार सापडतात. त्यांच्या मागील तंतूंमध्ये सांधे उरलेले नाहीत. म्हणजे जुनी व नवी घडण काही काळ शेजारी शेजारी नांदत होती. वंशाची वाढ जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे होत नसून झाडाच्या फांद्यांप्रमाणे होते, हे यावरून ध्यानात येईल. ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत राळेतही इअरविग मिळाले आहेत.

पिल्लाची साक्ष

दगडातील या पुराव्यास एका जिवंत किड्याचा दुजोरा आहे. १८८१ साली इंग्लंडमधील वेस्टवुड या कीटकशास्त्रज्ञांनी सिलोनमधील एका चमत्कारिक कीटकाचे वर्णन केले. त्याच्या मागे दोन लांब सांधेदार तंतू होते व तो कोणत्या गटात बसवावा, हे कळेना. पुढे ग्रीन यांनी सिलोनमध्ये हे कीटक पाळून त्यांची वाढ पाहिली व १८९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो स्वतंत्र कीटक नसून 'डिप्लॅटिस' जातीच्या इअरविगचे पिल्लू होते. शेवटची कात टाकताना त्याचे लांब तंतू जातात व त्यांच्या जागी चिमटा दिसू लागतो. डिप्लॅटिसच्या जाती भारतातही आढळतात.

प्रत्येक पिल्लू पूर्वजाचीच प्रतिमा असते, असा नियम नाही. परंतु येथे पिल्लू व दगड एकच गोष्ट सांगतात. चिमटा हा नव्याने फुटलेला अवयव नसून चाचपण्याच्या जुन्या तंतूंचेच बदललेले रूप होय. भक्ष्य धरणे, शत्रूस परतविणे व नरमादीच्या मीलनात मदत करणे, ही आता त्याची कामे आहेत.

पंखांची घडी

याहून जुनी साक्ष अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मिळते. तेथील सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत राठ झाकणासारखे पुढील पंख असलेले कीटक सापडले. टिलयार्ड यांनी १९३१ साली त्यांचा 'प्रोटेलिट्रॉप्टेरा' हा गट केला. ते इअरविगचे अतिप्राचीन नातलग मानले जातात. इअरविगचा मागील पंख उघडल्यावर घडीच्या दहापट किंवा त्याहून अधिक पसरतो. जपान व इंग्लंडमधील संशोधकांनी या घडीचे भूमितीय नियम २०२० साली मांडले, तेव्हा तेच नियम त्या प्राचीन नातलगांच्या पंखांनाही लागू पडतात, असे दिसून आले. पंख असे झाकणाखाली आवरून ठेवता आल्यामुळे फटीत, सालीखाली व पाचोळ्यात पंख न फाटता वावरणे शक्य झाले. ढेकळाखाली वा पोंग्यात हा किडा का सापडतो, याचे कारण या प्राचीन घडणीत आहे. काही जातींचे पंख तर पुढे नाहीसेच झाले.

शेतकऱ्यांनी काय ध्यानात घ्यावे

अडचणीच्या जागी दडून, मिळेल ते खाऊन राहणारा हा जीव असल्याने त्यास सरसकट मित्र किंवा सरसकट शत्रू ठरविता येत नाही. अनेक जाती मावा, किडींची अंडी व लहान अळ्या खातात. ब्राझीलमध्ये मक्यावरील लष्करी अळीची अंडी व लहान अळ्या फस्त करणारा इअरविग सुपरिचित आहे. ही अळी २०१८ साली भारतात आली. त्यानंतर तिच्या येथील नैसर्गिक शत्रूंमध्येही इअरविगची नोंद झाली. उलट दक्षिण भारतात एक बिनपंखी जात भुईमुगाच्या शेंगा पोखरून दाणे खाते.

म्हणून मक्याच्या पोंग्यात हा किडा दिसला, तर केवळ त्याच्यासाठी औषध फवारू नये. तो लष्करी अळीच्याच मागावर असण्याचा संभव असतो. अळीसाठी फवारणी करावयाची झाल्यास प्रादुर्भाव पाहून व कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच करावी, कारण औषध अळीबरोबर तिच्या शत्रूसही मारते. भुईमुगात मात्र काही झाडे उपटून शेंगा तपासाव्यात. शेंगांस भोके दिसल्यास आसपासची माती चाळून किडा प्रत्यक्ष शोधावा. वाळवीसारख्या अन्य किडीही शेंगा पोखरतात, हे विसरू नये. ओळख पटत नसेल, तर नमुना बाटलीत घालून जवळच्या कृषी कार्यालयात दाखवावा.

ढेकळाखाली मादी पांढुरक्या अंड्यांच्या पुंजक्यावर बसलेली आढळली, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती शेतकऱ्यांस अवश्य दाखवावी. ती अंडी चाटून स्वच्छ ठेवते व त्यांची राखण करते. कीटकांत असे मातृत्व क्वचितच दिसते. जो जीव असा ओळखीचा होतो, त्यास शेतकरी विनाकारण मारीत नाही, आणि शेतातील उपयुक्त कीटकांच्या रक्षणाची सुरुवात अशा ओळखीनेच होते.