नकली हिऱ्याचा खडा झाला शास्त्रज्ञांचं वावर!

मेडशी (ता. मालेगाव) : स्ट्रॉन्शियम टायटॅनेट हे नाव अवघड वाटतं, पण त्यातले दोन्ही धातू आपल्या ओळखीचे आहेत. दिवाळीच्या फटाक्यातला लाल उजेड स्ट्रॉन्शियमचा. भिंतीच्या रंगातली पांढरी पूड टायटॅनियमची. दोन्ही ऑक्सिजनसोबत भट्टीत वितळवून त्याचा पारदर्शक खडा काढतात.

१९५० च्या दशकात हा खडा नकली हिरा म्हणून विकला जायचा. रंगांची झळाळी खऱ्या हिऱ्याच्या जवळपास चौपट! पण जात मऊ, लवकर ओरखडे पडायचे. पुढे झिरकॉनिया आला अन् दागिन्यांतून हा खडा मागे पडला.

प्रयोगशाळेत मात्र त्याची किंमत वाढली. तिथं त्याची नखाएवढी, अर्धा मिलिमीटर जाडीची चकती वापरतात. तिला सबस्ट्रेट म्हणतात, म्हणजे पेरणीसाठी तयार केलेलं वावरच. तिफणीची तासं जशी सारख्या अंतरावर, तसे यातले अणू ०.३९ नॅनोमीटरवर ओळीत बसलेले असतात. लेसरने दुसऱ्या पदार्थाची वाफ करून चकतीवर सोडली की त्याचे अणू त्याच तासांत बसत जातात. अंतर जुळलं नाही तर वरचा थर ताणला जातो, बिघडतो.

१९८७ मध्ये असा पदार्थ सापडला, की उणे १८१ अंशाच्या खाली गेला की त्यातून वीज काहीही नुकसान न होता वाहते. गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कंटेनरमध्ये द्रव नायट्रोजन असतो ना, त्याची थंडी उणे १९६ अंश. तेवढी याला पुरते. त्याचे चांगले पातळ थर याच चकतीवर वाढवले गेले.

खरी गंमत २००४ ची. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटमधून वीज जात नाही. लॅन्थॅनम ॲल्युमिनेटमधूनही नाही. अकिरा ओटोमो आणि हॅरॉल्ड ह्वांग यांनी एकावर दुसऱ्याचा थर चढवला, तर नेमक्या सांध्यातून वीज वाहायला लागली! दोन कोरड्या लाकडांच्या फटीतून करंट यावा, तसं. ती का वाहते यावर अजून वाद आहे.

यामुळे गावची लाइन सुधारेल का? या चकतीने तर नाही. ती ठिसूळ अन् लहान; तारेसाठी धातूची लांब पट्टी लागते. हिचा उपयोग नवा पदार्थ नीट पारखायला अन् इलेक्ट्रॉनिक्सचे नवे भाग करून पाहायला.

आपल्या राज्यातही असं काम झालंय. पुणे विद्यापीठ, एनसीएल अन् आयसर पुणे इथं काम केलेले डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी अशा पातळ थरांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. २००५ मध्ये त्यांनी संपादित केलेला या विषयावरचा ग्रंथही निघाला. आयसरला बारावी सायन्सनंतर प्रवेश मिळतो, त्यासाठी आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते.