राजाबाई टॉवर पाहावयास जातांना

मुंबईची सहल ठरली, कीं आपले विद्यार्थी राजाबाई टॉवरवर चढण्याचे मनोरथ रचूं लागतात. पालकांनीं त्यांस घरींच सांगावें, कीं वरून पडून प्राणहानी झाल्यावर तेथील जिना लोकांस बंद करण्यांत आला. तो आजही बंदच आहे.

मनोरा खालूनच, पण नीट पाहावा. कोल्हापुराहून रात्रीच्या गाडीनें निघाल्यास सकाळीं मुंबई येते; तथापि टॉवराकडे दुपार टळल्यावर जावें. ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेस उभें राहिल्यास ऊन पाठीशीं येतें व २८० फुटांचा मनोरा टोंकापर्यंत उजळलेला दिसतो. दुर्बीण असल्यास अवश्य न्यावी. वर पश्चिम भारतांतील नाना जातिजमातींचे दगडी पुतळे आहेत, ते नुसत्या डोळ्यांनीं नीट कळत नाहींत.

शेठ प्रेमचंद रायचंद यांनीं दोन लक्ष रुपये देऊन आपल्या मातोश्री राजाबाई यांचें नांव यास दिलें. १८६९ त पायाभरणी होऊन १८७८ त काम संपलें. आराखडा करणारे सर गिल्बर्ट स्कॉट मुंबईस कधीं आलेच नाहींत, याचें मला मोठें नवल वाटतें.

निघण्यापूर्वीं मुलांनीं १८८४ त पुऱ्या झालेल्या आपल्या नव्या राजवाड्याचा घड्याळाचा मनोरा एकवार निरखावा. म्हणजे मुंबईस तुलना करावयास कांहीं तरी डोळ्यांपुढें असेल.