सॉफ्टवेअरच्या मराठी माहितीपुस्तिकांतील शुद्धलेखन : त्रुटी, दुरुस्ती आणि मर्यादा

प्रस्तावना

संगणकप्रणाली तयार करणारा आणि ती वापरणारा यांची प्रत्यक्ष भेट सहसा होत नाही. त्यांच्यातील दुवा म्हणजे प्रणालीसोबत येणारी माहितीपुस्तिका आणि पडद्यावर दिसणाऱ्या सूचना. ग्नोम, केडीई, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त प्रणाली आज मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांचा अनुवाद अनेकांच्या हातून झालेला असल्यामुळे त्यात शुद्धलेखनाच्या त्रुटी राहतात. या त्रुटी किरकोळ मानून सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. प्रत्यक्षात काही त्रुटी अर्थ बदलतात, काही शोधात अडथळा आणतात, तर काही वरवर सोप्या दिसूनही सहजासहजी दुरुस्त करता येत नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील परिचित शब्दांच्या आधारे या तिन्ही बाबी स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमांची पार्श्वभूमी

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनविषयक 14 नियम 1962 मध्ये शासनमान्य झाले. 1972 मध्ये त्यांत 4 नियमांची भर पडून एकूण संख्या 18 झाली. पुढे 6 नोव्हेंबर 2009 रोजी महाराष्ट्र शासनाने प्रमाणीकृत देवनागरी वर्णमालेविषयी शासन निर्णय काढला. म्हणजेच दुरुस्तीसाठी लागणारा आधार उपलब्ध आहे. अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोशा’सारखी साधनेही हाताशी आहेत.

या नियमांचे एक उत्तम उदाहरण जिल्ह्याच्या नावातच आहे. ‘सिंधू’ हा तत्सम शब्द मराठीत स्वतंत्रपणे येतो तेव्हा त्यातील अन्त्य उकार दीर्घ लिहिला जातो. तोच शब्द समासाचे पूर्वपद झाला की मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतो. म्हणून ‘सिंधू’, पण ‘सिंधुदुर्ग’. 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याचे नाव ‘सिंधूदुर्ग’ असे लिहिलेले आढळते, ते या नियमाकडे झालेल्या दुर्लक्षामुळे. ‘दुरुस्ती’ हा शब्दही कित्येकदा ‘दुरूस्ती’ असा छापला जातो, हा तर योगायोगाचा भाग होय.

अर्थ बदलणाऱ्या त्रुटी

मराठीतील ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ ही दोन भिन्न जोडाक्षरे आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला. मालवण तालुक्यातील ‘आचरा’ या गावाचे नाव विभक्तीप्रत्यय लागताना ‘आचऱ्यात’, ‘आचऱ्याला’ असे होते. मालवणीतही ‘आचऱ्याक’, ‘वाऱ्याक’ अशी रूपे रोजच्या बोलण्यात आहेत. त्यामुळे हा उच्चारभेद या भागातील विद्यार्थ्याला शिकवावा लागत नाही. तो लेखनात उतरवण्याची सवय तेवढी लावावी लागते. किनाऱ्यावरील हवामानाची किंवा मासेमारीची माहिती देणाऱ्या प्रणालीत ‘किनारा’, ‘वारा’, ‘वापरणारा’, ‘येणारा’ हे शब्द पदोपदी येणार. या सर्वांच्या सामान्यरूपात ‘ऱ्य’ असतो.

अशा ठिकाणी शब्दतपासनीस फारसा उपयोगी पडत नाही. तो शब्द यादीत आहे की नाही एवढेच पाहतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द यादीत असल्याने तो दोन्ही मान्य करतो. वाक्यात कोणता हवा, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

तपासनिसाची दुसरी अडचण सामान्यरूपाची आहे. ‘पूल’चे ‘पुलावर’ आणि ‘मीठ’चे ‘मिठात’ होते. परंतु ‘शरीर’, ‘गीत’ हे तत्सम शब्द ‘शरीरात’, ‘गीतात’ असे दीर्घच राहतात. जाळ्याचे ‘सूत’ आणि पुत्र या अर्थी ‘सुत’ यांत मूळ रूपात भेद आहे, पण ‘सुताचे’ या रूपात तो उरत नाही. शब्दाचे मूळ कळल्याखेरीज योग्य रूप ठरवता येत नाही, हे यावरून लक्षात येते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या त्रुटी

युनिकोडमध्ये ‘ऱ’ या अक्षराला ०९३१ हा स्वतंत्र संकेतांक आहे. ‘ऱ्य’ लिहिण्याची प्रमाण पद्धत म्हणजे हे अक्षर, त्यापुढे हलन्त चिन्ह आणि मग ‘य’. परंतु साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडक चिन्ह वापरूनही पडद्यावर तीच आकृती उमटते. जुन्या लेखनाशी सुसंगती राहावी म्हणून युनिकोडने ही दुसरी पद्धतही मान्य ठेवली आहे. परिणामी ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दोन ठिकाणी अगदी सारखा दिसूनही संगणकाच्या दृष्टीने वेगळा असू शकतो. पुस्तिकेत शोध घेणाऱ्यास मग निम्म्याच नोंदी मिळतात. युनिकोडच्या प्रमाणीकरण प्रक्रियेने हा भेद आपोआप मिटत नाही. तो हेतुपूर्वक शोधून काढावा लागतो.

वाक्यरचनेतून उद्भवणाऱ्या त्रुटी

काही त्रुटी अनुवादकाच्या नसतात. ‘अमुक ठिकाणामध्ये’ असे वाक्य तयार ठेवून रिकाम्या जागी गावाचे नाव भरणारी प्रणाली ‘आचरा मध्ये’, ‘वेंगुर्ले मध्ये’ अशी रूपे निर्माण करते. मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येते आणि त्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते : ‘आचऱ्यामध्ये’, ‘वेंगुर्ल्यामध्ये’. येथे शब्द दुरुस्त करून भागत नाही, वाक्यच बदलावे लागते. ‘ठिकाण : आचरा’ अशी मांडणी केली की प्रत्ययाचा प्रश्नच उरत नाही.

दुरुस्तीची पद्धती आणि तिच्या मर्यादा

मुक्त प्रणालींमध्ये गेटटेक्स्ट ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तीत मूळ वाक्य आणि अनुवादित वाक्य यांची जोडी केलेली असते. मराठी वाक्यातील चूक सुधारली तर परिणाम मराठीपुरता राहतो. मूळ इंग्रजी वाक्यातील एखादे अक्षर सुधारले, तर मात्र जोडी जुळत नाही आणि त्या वाक्याचे सर्व भाषांतील अनुवाद ‘संदिग्ध’ म्हणून नोंदले जाऊ शकतात. त्यांची पुन्हा तपासणी होईपर्यंत वापरणाऱ्याला सामान्यतः इंग्रजी वाक्यच दिसते. म्हणून मूळ मजकुरातील दुरुस्ती अनुवादकांना कळवून करणे इष्ट ठरते.

काही चुका तर दुरुस्त करताच येत नाहीत. वेबच्या संदेशवहनात आधीच्या पानाचा पत्ता सांगणाऱ्या ‘रेफरर’ या शीर्षकातील इंग्रजी ‘आर’ हे एक अक्षर गळले आहे. 1996 च्या एचटीटीपी दस्तऐवजात ते तसेच नोंदले गेले आणि असंख्य प्रणाली त्यावर अवलंबून असल्याने आजही तसेच आहे. वर्णनपर मजकूर सुधारता येतो. आज्ञा, फाइलचे नाव किंवा शीर्षक सुधारले तर प्रणालीच बंद पडते. पुस्तिकेने असे नाव आहे तसे छापावे, हेच अचूक लेखन होय.

सरसकट बदल हा आणखी एक धोका. ‘र्या’च्या जागी सर्वत्र ‘ऱ्या’ घालण्याची आज्ञा दिली, तर ‘किनार्यावर’ सुधारेल. पण त्याच क्षणी ‘पर्याय’, ‘कार्यालय’ आणि ‘मर्यादा’ हे शब्द बिघडतील. यांतील ‘पर्याय’ हा तर प्रत्येक प्रणालीत शेकडो वेळा येणारा शब्द. म्हणून प्रत्येक बदल वाक्य वाचून करावा. एका वेळी एकाच प्रकारची दुरुस्ती पाठवावी. तिच्यासोबत नियमाचा आधार द्यावा. आणि ती दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावी.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, माहितीपुस्तिकांची दुरुस्ती हे केवळ तंत्रज्ञांचे काम नाही. संकेतांकांचा भेद संगणकशास्त्राच्या प्राध्यापकास कळतो, सामान्यरूपाचा नियम मराठीच्या प्राध्यापकास. एकट्याकडून हे काम पुरे होत नाही. मुक्त प्रणालींच्या दुरुस्तीसाठी पदवीची वा पदाची अट नसते. त्यामुळे महाविद्यालयातील दोन विभागांनी एकत्र येऊन एखाद्या प्रणालीचा एक भाग जरी विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला, तरी व्याकरणाच्या तासाला शिकवलेला नियम प्रत्यक्ष वापरात येईल. पहिल्यांदाच संगणकासमोर बसलेल्या माणसाला पुस्तिकेतील सूचना न कळल्यास तो दोष स्वतःचा मानतो. तो दोष पुस्तिकेचा असेल, तर तो दूर करण्याची जबाबदारी भाषा जाणणाऱ्यांवर येते.